साठ ग्रॅम

काटेमास्तरांनी पेठेत छत्तीस वर्षं वजनं तपासली, आणि त्या छत्तीस वर्षांत कुणाला गुंजभरही इकडचं तिकडे करू दिलं नाही. निदान लोक तसं म्हणायचे. आणि लोकांपेक्षा जास्त ते स्वतः म्हणायचे.

राजधानीचं बाकी शहर मंत्र्यांचं, कचेऱ्यांचं, रुंद रस्त्यांचं होतं. नदीकाठची ही पेठ मात्र घामाची. पाण्याच्या अंगाला गोदामं, मागच्या अंगाला कारखाने, आणि मध्ये हातगाडीला हातगाडी घासून जाईल एवढ्याच गल्ल्या. साबणाच्या कारखान्याचा उग्र दर्प, दोरखान्यातून उडणारी तागाची धूळ, ओतशाळेच्या धुराड्यातली काजळी, हे सगळं अंगावर घेऊनच माणूस संध्याकाळी घरी जायचा. पांढरा सदरा फक्त दुकानाच्या काचेत पांढरा असतो, असं तिथल्या बायका म्हणत.

पेठेचा सगळा कारभार काट्यावर. लोकर, मेण, लोखंड, सुतळी, चरबी, जे येई ते तोलून येई आणि जे जाई ते तोलून जाई. म्हणून व्यापारी संघानं एक माणूस नेमलेला असे. त्यानं वर्षातून एकदा दारोदार फिरायचं, प्रत्येकाचे काटे आणि वजनं आपल्या मूळ वजनांशी ताडून बघायची आणि बरोबर असतील तर छाप मारायचा. आधी मास्तरांचे वडील हे काम करत, मग मास्तर. संघाच्या कचेरीत एका शिसवी कपाटात ही मूळ वजनं ठेवलेली असत. ग्रॅमभराच्या पितळी चकतीपासून वीस किलोच्या लोखंडी धोंड्यापर्यंत. मास्तर ती रोज फडक्यानं पुसत. पोटच्या पोरांची नाकं पुसली नसतील इतक्या वेळा त्यांनी ती वजनं पुसली, असं त्यांची बायको म्हणे, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

मास्तरांची आई ते सहा वर्षांचे असताना गेली. ताई तेव्हा बारा वर्षांची. तिनंच त्यांना बोट धरून शाळेत नेलं आणि कान धरून घरी आणलं. पुढं ताईचं लग्न पेठेतच झालं, लोकरीच्या वखारीत. भाऊजी म्हणजे दिलदार माणूस. बोलायला लागले की वखारीतले हमाल गठ्ठे खाली ठेवून ऐकत उभे राहायचे. लांबलांबच्या गावांतून माणसं लोकरीच्या मोटा घेऊन त्यांच्याकडे येत, कारण भाऊजींकडे घासाघीस नसे. मोट तोलली, आकडा पुकारला, संपलं.

आकडा पुकारायचा तो मापाडी. तोलायचं काम त्याचं. छताच्या तुळईला टांगलेला भलामोठा काटा, एका पारड्यात वीस-वीस किलोची वजनं, दुसऱ्यात मोट. काडीसारखा बारीक माणूस, पण आवाज असा की नदीपलीकडे ऐकू जावा. तीस वर्षं तो त्या काट्याखाली उभा होता. वजनांच्या पेटीची एक किल्ली भाऊजींकडे असे आणि दुसरी त्याच्याकडे.

त्या वर्षी मास्तर बेचाळीस वर्षांचे होते. तपासणीला निघाले तेव्हा संघाच्या कचेरीच्या पायऱ्यांवर हातगाडी कलली आणि वीस किलोचं वजन घरंगळत चार पायऱ्या खाली गेलं. गाडीवाल्यानं जीभ चावली. मास्तरांनी वजन उचलून घेतलं, वरून फडकं फिरवलं, कुठं टवका उडालाय का ते बघितलं. काही नव्हतं.

"लोखंड आहे," ते गाडीवाल्याला म्हणाले. "तुझं डोकं नव्हे फुटायला."

ही मूळ वजनं दर दोन वर्षांनी नदीपलीकडच्या मुख्य कचेरीत नेऊन तपासून आणायची, असा नियम होता. त्या खेपेला तीन वर्षं होऊन गेली होती. मास्तरांना वेळ झाला नव्हता, असं ते सांगत. खरं तर तिथल्या पोरसवदा साहेबांपुढं रांगेत उभं राहायचा त्यांना कंटाळा होता. आपल्या वजनांना काय धाड भरलीय, असं त्यांना वाटे.

पहिलंच दार ताईच्या वखारीचं. भाऊजींनी नेहमीप्रमाणे चहा मागवला, थट्टा केली, "या, न्यायाधीश आले, आता आमचं काही खरं नाही." मास्तरांनी आपलं वजन एका पारड्यात ठेवलं आणि वखारीचं दुसऱ्यात. वखारीचं पारडं खाली गेलं.

मास्तरांनी आपल्या बाजूला छोटी छोटी वजनं टाकत काटा मध्यावर आणला. साठ ग्रॅम. दुसरं वजन घेतलं. साठ. तिसरं, चौथं, तेही साठ. वखारीची चारही वजनं साठ-साठ ग्रॅमनं जड निघाली.

खरेदीची वजनं जड असणं म्हणजे काय, हे त्या पेठेत शेंबड्या पोरालाही कळत होतं. माल आणणाऱ्यानं दर वीस किलोमागं साठ ग्रॅम लोकर फुकट द्यायची.

"असं कसं होईल?" भाऊजी म्हणाले. चहाचा कप त्यांच्या हातातच राहिला होता.

"एक जड निघालं असतं तर मी चूक म्हटलं असतं, भाऊजी. चूक वेडीवाकडी असते. चारही वजनं सारखीच जड असायला कुणाचा तरी हात लागतो."

मापाडी काट्याखाली उभा होता. तो पारड्याकडे बघत राहिला.

मास्तरांनी वजनं जप्त केली आणि संघाकडे कागद दिला. सख्ख्या बहिणीचं घर म्हणून त्यांनी हात आखडला नाही, याचं पेठेत त्या दिवशी केवढं कौतुक झालं! मास्तरांच्या छातीत तेव्हा दुखलं, पण ताठही झाली ती, हे ते पुढं कितीतरी वर्षांनी स्वतःशी कबूल करणार होते.

संध्याकाळी ताई आली. दारातच उभी राहिली.

"तू स्वतःचं वजन तपासलंस का?"

"ताई, यात तू पडू नकोस."

"मी एवढंच विचारते. तपासलंस का?"

"माझी वजनं तपासणारा अजून जन्माला यायचाय," मास्तर म्हणाले.

ताईनं त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं आणि ती गेली.

सुनावणी आठ दिवसांनी होती. मधल्या दिवसांत मास्तर साबणाच्या कारखान्यात गेले. तिथं वीस किलोचं एकच वजन होतं, चरबीचे डबे तोलायचं. मास्तरांनी ते ताडून बघितलं. साठ ग्रॅम जड.

मास्तर पारड्यांकडे बघत उभे राहिले. कारखान्याचा मुकादम बाजूला काहीतरी बडबडत होता, ते त्यांच्या कानात शिरत नव्हतं. दोन वेगळ्या धंद्यांतली, दोन वेगळ्या ओतशाळांतली वजनं. आणि अंतर तेच, ग्रॅमलाही फरक नाही. त्या क्षणी आपलं वजन आडवं करून बूड बघितलं असतं तरी पुरे होतं. नदीपलीकडे जायला अर्धा दिवस लागला असता.

पण सुनावणी चार दिवसांवर आली होती. कागद देऊन झाला होता, पेठभर बोभाटा झाला होता. आता मुख्य कचेरीत जाऊन, तीन वर्षं का आला नाहीत याचं उत्तर देऊन, सगळ्यांदेखत आपलंच नाणं खोटं म्हणायचं? आणि नसलंच खोटं तर? सगळी पेठच चोर झालीय, असं का नसेल? मास्तरांनी मनाला असं पढवलं. मग कारखान्याच्या वजनाच्या बुडात भरलेलं साठ ग्रॅम शिसं खरवडून काढलं, छाप मारला, आणि वहीत 'ठीक' असं लिहून ते बाहेर पडले. मुकादमाला कळलंसुद्धा नाही.

सुनावणीत मास्तरांनी जे तोललं तेच सांगितलं. साबणाच्या कारखान्याचं सांगितलं नाही. भाऊजींना वाटलं असतं तर ते भांडले असते, वकील आणला असता. त्यांनी काहीच केलं नाही. मान खाली घालून बसले. चोराच्या मनात चांदणं, असं लोक कुजबुजले, आणि मास्तरांनाही तसंच वाटलं. तसं वाटून घेणं त्यांना सोयीचं होतं.

वखार सहा महिने बंद ठेवायचा हुकूम झाला. सहा महिन्यांत मोटा घेऊन येणारी माणसं दुसऱ्या दाराला लागली. ज्या दारात घासाघीस नव्हती तिथंच आपल्याला लुबाडलं, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. वखार पुन्हा उघडली तेव्हा तुळईच्या काट्यावर कबुतरं बसत होती. वर्षभरात भाऊजींनी ती विकली आणि ताईला घेऊन ते बसनं दोन तासांवरच्या गावी राहायला गेले. मापाड्यानं वखार त्याआधीच सोडली होती. आता काम उरणार नाही म्हणून सोडली असणार, असं सगळ्यांनी धरलं.

त्याच वर्षी मास्तरांनी संघाकडे मूळ वजनांचा नवा संच मागितला. जुना संच अशा वेळी मुख्य कचेरीत जमा करायचा असतो. मास्तरांनी वडिलांची आठवण म्हणून तो ठेवून घेतला. कपाटाच्या तळाशी सारून दिला आणि पुढं बटणांचे काटे आले, पडद्यावर आकडे उमटायला लागले, तसा तो तिथंच राहिला.

बावीस वर्षं गेली.

या बावीस वर्षांत पेठेनं कातच टाकली. कारखाने शहराबाहेर गेले. दोरखान्याच्या लांबलचक छपरीत आता उंची फर्निचरचं दुकान होतं. ज्या फळ्यांवर माणसं दोर वळत उलटी चालायची तिथं आता लोक सोफ्यावर बसून उठून बघत. गोदामांचे फ्लॅट झाले, नदी दिसणारे. मास्तर निवृत्त झाले होते, बायको गेली होती, मुलं आपापल्या मार्गाला लागली होती. शेवटी संघानं आपली कचेरीही सोडली आणि तिथं पेठेचं संग्रहालय करायचं ठरलं. जुन्या वस्तू नोंदवायला एक तिशीतली बाई येऊ लागली. मास्तर रोज जाऊन तिला काय काय कशाला वापरायचे ते सांगत. त्यांना ते आवडायचं. इतक्या वर्षांनी कुणी तरी त्यांचं बोलणं लिहून घेत होतं.

एका दुपारी तिनं कपाटाच्या तळातून वीस किलोचं वजन ओढून काढलं आणि नंबराची चिठ्ठी चिकटवायला ते आडवं केलं.

"काका, याच्या बुडाला खळगा आहे. असंच असतं का?"

"असतो खळगा. त्यात शिसं भरतात. वजन बरोबर करायला," मास्तर चष्मा पुसत म्हणाले.

"यात नाहीये पण."

मास्तर उठून आले. खळग्यात काजळी आणि तेलकट मळ घट्ट बसला होता. त्यांनी पेचकस घेऊन खरवडला. मळाची वडी निघून जमिनीवर पडली आणि खाली नुसतं लोखंड दिसलं. त्यांनी दहा किलोचं वजन उलटं केलं. त्यात शिसं जिथल्या तिथं होतं, वर मुख्य कचेरीचा छाप.

पायऱ्यांवरून घरंगळलेलं वजन, त्यावर फिरवलेलं फडकं, गाडीवाल्याची चावलेली जीभ. मास्तरांना सगळं एकदम आठवलं. विसरले होते असंही नव्हतं.

बाईनं ते नव्या काट्यावर ठेवलं. आकडे थोडे नाचले आणि थांबले. एकोणीस किलो, नऊशे चाळीस ग्रॅम.

"साठ ग्रॅमनं कमी," ती म्हणाली. "चालेल हो काका. संग्रहालयात कोण तोलून बघणार आहे!"

मास्तर खुर्चीत बसले. तिनं पाणी आणलं, डॉक्टर बोलावू का विचारलं. ते म्हणाले, "हे वजन दोन दिवस मला हवंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौसष्ट वर्षांचा तो माणूस वीस किलोचं लोखंड गोणपाटाच्या पिशवीत घालून बसमध्ये चढला. कंडक्टरनं पिशवी पायानं सरकवायचा प्रयत्न केला आणि ती हलेना तेव्हा विचारलं, "आजोबा, काय घर घेऊन निघालात काय?"

"वजन आहे."

"ते दिसतंय. सामानाचं तिकीट लागेल."

"द्या," मास्तर म्हणाले.

ताईचं लोकरीच्या धाग्याचं छोटं दुकान होतं, घराच्याच पुढच्या खोलीत. ती स्टुलावर बसून धाग्याचा गुंडा वळत होती. सत्तरीची झाली होती. बावीस वर्षांत ती मास्तरांशी दोनदा बोलली होती, दोन्ही वेळा कुणीतरी गेल्याचं कळवायला.

"ताई."

तिनं मान वर केली. हात थांबले नाहीत. "कोण गेलं?"

"कोणी नाही."

"मग?"

त्यांनी वाकून पिशवीतून वजन काढलं, तिच्या पायाशी उलटं ठेवलं, आणि खळग्यावर बोट ठेवून तसेच वाकून राहिले. ताईनं बघितलं. काटेवाल्याचीच मुलगी ती. तिला फोडून सांगावं लागलं नाही. गुंडा तिच्या मांडीवरून सुटून घरंगळत दारापर्यंत गेला.

"अहो," तिनं आत हाक मारली. "जरा बाहेर या."

भाऊजी काठी टेकत आले. गुडघे गेले होते, डोळेही. त्यांना बसवून मास्तरांनी सगळं सांगितलं. पायऱ्या सांगितल्या. तीन वर्षं कचेरीत न गेल्याचं सांगितलं. साबणाच्या कारखान्याचंही सांगितलं. भाऊजींनी खळग्यात बोट घालून फिरवलं.

"साठ?"

"साठ."

"मी त्या संध्याकाळी तुला काय विचारलं होतं?" ताई म्हणाली.

"स्वतःचं तपासलंस का, म्हणून विचारलं होतंस."

"आणि तू काय म्हणालास?"

"ताई..."

"बोल ना. मला एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे."

मास्तर खाली बघत म्हणाले, "माझी वजनं तपासणारा अजून जन्माला यायचाय."

"हं," ताई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. "आईविना पोर म्हणून मीच लाडावून ठेवलं तुला. कान जरा जोरात धरायला हवा होता."

"तुमची वखार गेली, भाऊजी. नाव गेलं. मला शिव्या घाला, हवं तर दारातून हाकला. मी संघात जाऊन, वर्तमानपत्रात..."

"संघ कुठं उरलाय?" भाऊजी म्हणाले. "आणि वखार आज ना उद्या जायचीच होती. तिचं मी कधीच सोडून दिलं." त्यांचं बोट अजून खळग्यातच होतं. "मास्तर, मी तेव्हा भांडलो का नाही, ठाऊक आहे तुला?"

"मला वाटलं..."

"तुला वाटलं मी चोर. तुझंही बरोबर. पण मी भांडलो नाही, कारण तोललं होतं तू. मी म्हटलं, मास्तर म्हणतोय म्हणजे असणारच. तुझ्यावर मला क्षणभरही शंका आली नाही. मग शंका घ्यायला उरलं कोण, सांग? पेटीच्या किल्ल्या दोघांकडे. एक माझ्याकडे. मी तर शिसं भरलं नव्हतं."

ताईनं झटकन नवऱ्याकडे बघितलं. "अहो, काय केलंत तुम्ही?"

"मापाड्याला काढलं," भाऊजी म्हणाले. "सुनावणीच्या आदल्या दिवशी. वखारीतल्या मागच्या खोलीत, कुणाला कळू न देता. मला वाटलं, बोभाटा नको, म्हाताऱ्याची अब्रू तरी राहील. केवढे उपकार केले मी त्याच्यावर! म्हटलं, तीस वर्षं माझं मीठ खाल्लंस आणि शिसं भरतोस? तो भांडला नाही, रडला नाही. एवढंच विचारलं त्यानं, 'शेठ, मास्तरांनी स्वतः तोललं ना?' मी म्हटलं, हो. मग त्यानं किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला."

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मास्तरांना मापाडी आठवला. वखार सुटल्यावर तो बटणांच्या कारखान्यात झाडूकाम करायचा. इतका नावाजलेला तोलणारा माणूस, पण पुन्हा काट्याला त्यानं हात लावला नाही. मास्तर समोरून आले की तो रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. काम गेल्याचा राग धरून बसलाय, असं मास्तरांना वाटायचं. तेरा वर्षांपूर्वी तो वारला तेव्हा ते चार पावलं प्रेतामागं चाललेही होते.

"त्याच्या घरी कोण आहे?" ताईनं विचारलं.

"बायको असेल. एक मुलगी होती," मास्तर म्हणाले.

"उद्या सकाळची पहिली गाडी साडेसहाला आहे," ताई म्हणाली. मग नवऱ्याला, "तुम्ही गुडघ्याचा पट्टा बांधून घ्या."

दोरखान्यामागं कामगारांची एक तीन मजली इमारत अजून उभी होती. मधे चौक, चारी बाजूंनी सज्जे. निम्मी बिऱ्हाडं उठून गेली होती, उरलेल्यांच्या दारांवर जागा रिकामी करायच्या नोटिसा चिकटवलेल्या. तळमजल्यावर दाराशीच शिवणयंत्र मांडून मापाड्याची मुलगी पडदे शिवत होती, समोरच्याच नव्या फ्लॅटांसाठी. पन्नाशीची, बापासारखीच काडी. बाहेर उन्हात तिची आई बसून पडद्यांचे कच्चे धागे ओढून काढत होती.

मुलीनं तिघांना ओळखलं, पण उठली नाही. मास्तरांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पायडलवरचा तिचा पाय सुरुवातीला चालत होता, मग थांबला. भाऊजींनी पुढचं सांगितलं. सांगून झाल्यावर तिनं दातांनी दोरा तोडला.

"मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "ती बसलीय ना, तिला सांगा."

मास्तर म्हातारीसमोर जाऊन उकिडवे बसले आणि बोलू लागले. म्हातारी त्यांच्या ओठांकडे बघत राहिली.

"तिला ऐकू येत नाही," मुलगी मागून म्हणाली. "मोठ्यानं बोलावं लागेल. फार मोठ्यानं."

"मी काटेमास्तर!" ते ओरडले. चौकात आवाज घुमला.

"कोण?"

"काटेमास्तर! वजनं तपासायचो!"

"हां. मास्तर." म्हातारीनं धागा बाजूला ठेवला. "काय झालं?"

"त्या वेळी माझं वजन खोटं होतं!"

"कुणाचं?"

"माझं! माझं खोटं होतं! वखारीची वजनं बरोबर होती! त्यांनी काही केलं नव्हतं!"

सज्ज्यांवर एकेक दार उघडू लागलं. दुसऱ्या मजल्यावर एक माणूस तोंडात दातांचा ब्रश धरून कठड्याला टेकला. भाऊजी काठी सावरत पुढं आले, आणि जन्मभर ज्यांनी गमती सांगून माणसं हसवली त्यांचा आवाज चिरका झाला. "मी त्यांना चोर म्हणालो होतो, वहिनी! ते चोर नव्हते! मला माफ करा!"

म्हातारी दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग मुलीकडे वळून ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "हे नवीन काय सांगतायत? मला ठाऊकच होतं." मग मास्तरांना म्हणाली, "त्यांना सांगायला हवं होतंत हो. ते रोज विचारायचे मला. जेवायला बसले की विचारायचे, माझ्याकडून झालं असेल का गं? किल्ली कुठं विसरलो असेन का? मास्तर कसे चुकतील, म्हणायचे. मी म्हणायची, तुम्ही जेवा. शेवटच्या दुखण्यातसुद्धा तेच." तिनं मांडीवरचा पडदा सारखा केला. "मला सांगून काय उपयोग?"

तिनं पुन्हा धागा उचलला. पण पुढचा कच्चा धागा तिला सापडेना. ताई तिच्याशेजारी फरशीवर बसली, पडद्याचं दुसरं टोक तिनं आपल्या मांडीवर ओढून घेतलं आणि कच्चा धागा शोधून तिच्या बोटांत दिला.

मास्तर तसेच उकिडवे बसून होते.

"काय झालं हो?" वरून ब्रशवाल्यानं विचारलं. "कोण खोटं? कुणाचं वजन?"

मास्तरांनी मुलीकडे बघितलं. तिनं यंत्र बंद केलं होतं. ती उठून दारात आली, उन्हामुळं डोळ्यांवर आडवा हात धरून तिनं वरच्या सगळ्या सज्ज्यांकडे पाहिलं.

"वखारीत तोलणारे तेच, म्हणून इथल्या निम्म्या लोकांनी बाबांना चोर समजूनच मातीला नेलं," ती म्हणाली. "महिन्याभरात सगळे पांगतील, मग कुणाला सांगणार? त्यांनाही सांगा. सगळं सांगा, कारखान्याचंसुद्धा."

काटेमास्तर भिंतीला धरून उभे राहिले. त्यांनी मान वर केली, आणि पायऱ्यांवरून वजन घरंगळलं तिथपासून, घसा ताणून, पुन्हा सांगायला सुरुवात केली.